खंडित बेकारी क्लेम सरकारी आकड्यांत कसे मोजतात? अमेरिकेतल्या पद्धतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर गुरुवारी न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेआठ वाजले की अमेरिकेचा कामगार विभाग बेकारी क्लेमचे आकडे जाहीर करतो. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, हिवाळ्यात सात. त्या एका आकड्यावर बाजार हलतो, आणि मग माझ्याकडे दोन प्रकारची पत्रं येतात. काही बाजार बघणाऱ्यांची, तर काही न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, मिशिगनमधल्या मराठी मंडळींची. या दुसऱ्या गटातल्यांचा स्वतःचा क्लेम मध्येच तुटलेला असतो आणि "आम्ही या आकड्यात आहोत का?" असं त्यांना विचारायचं असतं. त्या पत्रांतले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. बेकारी क्लेम म्हणजे नेमकं काय? तो मोजतं कोण?

१९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यातून अमेरिकेत बेकारी विमा देशभर आला. चौकट केंद्राची आणि कारभार राज्यांचा, अशी ही योजना आहे. ५० राज्यं, राजधानी वॉशिंग्टन, प्वेर्तो रिको आणि व्हर्जिन आयलंड्स धरून एकूण ५३ ठिकाणी ती चालते. पैसा मुख्यतः मालकांवरच्या करातून येतो. न्यू जर्सीसारख्या मोजक्या राज्यांत कामगाराच्या पगारातूनही थोडा कापला जातो.

नोकरी गेली की माणूस राज्याकडे पहिला अर्ज करतो. हा झाला इनिशियल क्लेम. राज्य त्याची आधीची कमाई तपासतं आणि पात्र असेल तर ५२ आठवड्यांचं 'बेनिफिट इयर' उघडतं. त्यानंतर "या आठवड्यात मी बेकार होतो, काम करायला तयार होतो" असं दर आठवड्याला (काही राज्यांत दोन आठवड्यांचं एकदम) लिहून द्यावं लागतं. असा प्रत्येक आठवडा म्हणजे एक कंटिन्यूड क्लेम. राज्यं ही मोजणी केंद्रीय कामगार विभागाकडे पाठवतात.

२. क्लेम 'खंडित' झाला असं कधी म्हणतात?

आठवड्यांच्या माळेत किमान एका आठवड्याची गाठ सुटली की. तुम्ही तो आठवडा क्लेम केला नाही, मग कारण काहीही असो. मोजणीच्या दृष्टीने मात्र कारण हीच कळीची गोष्ट आहे. मध्ये तुम्ही काम केलं होतं की नव्हतं? पुढचं सगळं या एका प्रश्नावर ठरतं.

३. मध्ये दोन महिने नोकरी लागली, मग तीही गेली. पुन्हा अर्ज केला तर मी 'नवा बेकार' म्हणून मोजला जाईन का?

हो. याला 'ॲडिशनल क्लेम' म्हणतात आणि तो गुरुवारच्या इनिशियल क्लेमच्या आकड्यात धरला जातो. तुमच्या दृष्टीने जुनंच खातं पुढे चालू झालेलं असतं. बेनिफिट इयर तेच, आठवड्याची रक्कम सहसा तीच, उरलेली शिल्लकही तीच. अनेक राज्यांत पहिला आठवडा बिनपैशांचा जातो, तोही बेनिफिट इयरमध्ये साधारण एकदाच, त्यामुळे दुसऱ्यांदा तो सोसावा लागत नाही. आकडेवारीच्या दृष्टीने मात्र एका मालकापासून नव्याने ताटातूट झाली आणि ती नोंदवायलाच हवी.

हे मला तरी पटतं. इनिशियल क्लेमचा हेतू "किती माणसं बेकार आहेत" हे सांगण्याचा नाहीच. या आठवड्यात नोकऱ्या जाण्याच्या किती घटना घडल्या, हे त्यातून कळावं अशी अपेक्षा आहे. एकाच माणसाची नोकरी वर्षात तीनदा गेली तर घटना तीन घडल्या. बांधकाम आणि मोटार कारखाने या धंद्यांत हे नेहमीचंच आहे. डेट्रॉइटच्या आसपासचा एखादा कामगार एका वर्षात एक नवा आणि दोन ॲडिशनल असे तीन इनिशियल क्लेम सहज नोंदवू शकतो.

४. मी मधले पाच आठवडे आईच्या आजारपणासाठी सांगलीला गेले होते. काम केलं नव्हतं. परत येऊन क्लेम सुरू केला. मी पुन्हा मोजली गेले का?

इनिशियल क्लेममध्ये नाही. तुमचा क्लेम 'रीओपन्ड', म्हणजे पुन्हा उघडलेला. मध्ये नोकरी नव्हती म्हणून नवी ताटातूटही नाही. आजारपण, परगावी किंवा परदेशी जाणं, काही आठवड्यांची अपात्रता, फॉर्म भरायला विसरणं, हे सगळं याच खणात जातं.

त्या पाच आठवड्यांचा भत्ता मात्र मागता येत नाही, कारण तुम्ही तिथल्या कामासाठी उपलब्ध नव्हता. ते आठवडे कंटिन्यूड क्लेममध्येही नसतात. परतल्यावर पहिला आठवडा क्लेम केलात की तिथे तुमची एक नोंद पुन्हा सुरू होते. थोडक्यात, तुमच्या जाण्याने कंटिन्यूड क्लेमचा आकडा एकाने उतरला, येण्याने एकाने चढला, आणि हेडलाइनला पत्ताही लागला नाही.

५. पुन्हा अर्ज करताना पोर्टलवर दोन-तीन पर्याय दिसतात. चुकीचा निवडला तर आकडे चुकतील का?

बहुतेक राज्यांत अर्जदाराला या संज्ञा दिसतच नाहीत. "गेल्या क्लेमनंतर कुठे काम केलंत का?" एवढंच विचारतात आणि तुमच्या उत्तरावरून यंत्रणा खण ठरवते. तिथे खरं ते लिहा. आकडेवारीसाठी म्हणून नव्हे. मधली कमाई लपवली तर भरलेले पैसे दंडासह परत मागितले जातात, म्हणून.

६. मग गुरुवारचा मोठा आकडा म्हणजे माणसं की अर्ज?

अर्ज. नवे अधिक ॲडिशनल, रविवार ते शनिवार या आठवड्यात दाखल झालेले. त्यांतले काही पुढे नाकारले जातील, तरीही ते मोजलेले असतात, कारण अर्ज आला ही घटना खरी आहे. भत्ता मिळाला की नाही हे वेगळ्या तक्त्यात दिसतं.

नवे किती आणि ॲडिशनल किती, ही फोड गुरुवारच्या बातमीत मिळत नाही. ती राज्यांच्या मासिक अहवालात असते आणि अर्थातच उशिरा येते. एखाद्या राज्यात इनिशियल क्लेम वाढले आणि वाढ मुख्यतः ॲडिशनलची निघाली, तर तेच ते कामगार आत-बाहेर होत आहेत असं समजावं. नव्यांची वाढ असेल तर चिंता जास्त. टीव्हीवर ही फोड कोणी सांगत नाही.

७. कंटिन्यूड क्लेम घटले म्हणजे लोकांना नोकऱ्या लागल्या ना?

कदाचित. हा आकडा एका आठवड्याने मागे चालतो आणि माणूस का गळला हे तो सांगत नाही. नोकरी लागली, सांगलीला गेला (प्रश्न ४), फॉर्म भरायचा राहिला, की भत्त्याचे आठवडेच संपले? चारही गोष्टी त्यात सारख्याच दिसतात.

शेवटची शक्यता सगळ्यात फसवी. बहुतेक राज्यांत नियमित भत्ता जास्तीत जास्त २६ आठवडे मिळतो, फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलिनात त्याहून बराच कमी. मंदी लांबली की लोक नोकरीविना या मर्यादेला धडकतात आणि ठळक आकड्यातून बाहेर पडतात. २०२० च्या शरद ऋतूत हेच घडलं. नियमित कंटिन्यूड क्लेम आठवड्यागणिक उतरत होते, पण त्यांतली बरीच माणसं मार्च २०२० च्या केअर्स कायद्याने (करोनाकाळातल्या मदतीचा कायदा) दिलेल्या वाढीव आठवड्यांच्या योजनेत सरकली होती. त्या योजनेचे आकडे त्याच प्रसिद्धिपत्रकात खाली, वेगळ्या तक्त्यात असत. वरचा आकडा वाचून "सुधारणा" म्हणणाऱ्यांनी पान उलटलं नव्हतं.

८. ५२ आठवडे संपले आणि मी अजून बेकारच आहे. त्याच आठवड्यात नवा अर्ज केला तर?

त्याला 'ट्रान्झिशनल क्लेम' म्हणतात. जुनं बेनिफिट इयर संपल्यासंपल्या, खंड न पडता, पुढचं वर्ष मागणारा अर्ज. कागदावर तो नवा, पण नोकरी काही नव्याने गेलेली नाही. म्हणून साप्ताहिक इनिशियल क्लेममधून तो वगळतात आणि मासिक अहवालात त्याला स्वतंत्र रकाना देतात.

दुसरं वर्ष मिळेलच असं नाही. पहिलं वर्ष सुरू झाल्यानंतर काही काम आणि कमाई झालेली असावी लागते, ही केंद्रीय कायद्याची अट आहे. म्हणजे ज्याचा क्लेम मध्ये नोकरीमुळे खंडित झाला, त्याचीच दुसऱ्या वर्षाची शक्यता जास्त. अखंड बेकार राहिलेला सहसा इथे अडतो. जुन्या वर्षात शिल्लक उरली असली तर ती मात्र वर्षाबरोबर बुडते.

९. 'बेकारी भत्त्याचा सरासरी कालावधी' काढताना मधला खंड कसा धरतात?

हा माझा आवडता प्रश्न, आणि चांगले चांगले लेख इथे घसरतात.

हे सूत्र अगदी साधं आहे. बारा महिन्यांत भत्ता दिलेले एकूण आठवडे घ्यायचे आणि त्यांना त्याच काळातल्या 'पहिल्या हप्त्यांच्या' संख्येने भागायचं. मेख अशी की पहिला हप्ता एका बेनिफिट इयरमध्ये एकदाच मोजला जातो. खंडानंतर भत्ता पुन्हा सुरू झाला तरी तो 'पहिला' होत नाही.

समजा, एका कामगाराने फेब्रुवारी-मार्चमध्ये ६ आठवडे भत्ता घेतला, मग दोन महिने नोकरी केली, ती सुटल्यावर जून-जुलैमध्ये आणखी ५ आठवडे घेतले. त्याची बेकारी दोनदा आली, एकदा ६ आणि एकदा ५ आठवड्यांची. अहवालात मात्र पहिला हप्ता एक आणि आठवडे ११. वाचणाऱ्याला वाटतं, माणूस अकरा आठवडे सलग घरी बसला होता.

उलट, घरोघरच्या पाहणीतून (प्रश्न ११) बेकारीचा काळ मोजतात तेव्हा मधल्या नोकरीने घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. जुलैत त्या कामगाराला विचारलं असतं तर तो चार-पाच आठवड्यांचा बेकार ठरला असता. म्हणून हे दोन 'सरासरी कालावधी' एका आलेखात शेजारी शेजारी ठेवू नयेत. खंडित क्लेम जास्त असणाऱ्या राज्यांत पहिली सरासरी फुगते, दुसरी आक्रसते, आणि कामगार तोच असतो.

१०. मी तीन आठवडे फॉर्म भरला नव्हता, नंतर मागचे सगळे एकदम भरले. मी त्या आठवड्यात तीनदा मोजला गेलो का?

मोजणी आठवड्यांची आहे, त्यामुळे साठलेले आठवडे एकदम आले तर तसा गोंधळ होऊ शकतो. एरवी तो नगण्य असतो. २०२० मध्ये तो नगण्य राहिला नाही. मार्चच्या मध्यापर्यंत इनिशियल क्लेम आठवड्याला तीन लाखांच्या आत होते. पुढच्याच आठवड्यात ते ३० लाखांवर गेले आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात ६० लाखांवर. त्याआधीचा उच्चांक ऑक्टोबर १९८२ मधला, ६ लाख ९५ हजारांचा. कार्यालयांत अर्जांचे ढीग लागले, मंजुरी महिन्या-दोन महिन्यांनी आली आणि लोकांनी मागचे आठवडे एकगठ्ठा क्लेम केले.

अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं. क्लेमच्या संख्येला माणसांची संख्या म्हणून छापू नका, ती तशी नाही, असं त्यांनी कामगार विभागाला स्पष्ट सुचवलं.

त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस कॅलिफोर्नियाने ढीग उपसण्यासाठी दोन आठवडे नवे अर्ज घेणंच थांबवलं. त्या काळात राष्ट्रीय बेरजेत कॅलिफोर्नियाचा थांबण्याआधीचा आकडाच पुन्हा पुन्हा वापरला गेला. एका माणसाचा क्लेम खंडित होतो तसा तो एका अख्ख्या राज्याचा झाला होता.

११. मी आठवड्यातून दोन दिवस काम करतो आणि थोडा भत्ताही घेतो. माझा क्लेम खंडित धरायचा का? मी बेकार आहे की नाही?

आठवडा क्लेम करताय तोवर क्लेम अखंड आहे. हा 'पार्शल' क्लेम, आणि कंटिन्यूड क्लेममध्ये तो पूर्ण एक म्हणून धरतात.

बेकारीचा दर मात्र क्लेमवरून काढतच नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसतं. तो दर महिन्याला सुमारे ६० हजार घरांच्या पाहणीतून येतो, सहसा १२ तारीख असलेल्या आठवड्याबद्दल विचारून. त्या आठवड्यात तुम्ही पगारी एक तास जरी काम केलं तरी पाहणीत 'कामावर'. म्हणजे एकाच आठवड्यात तुम्ही एका आकड्यात बेकार आणि दुसऱ्यात नोकरदार. आणि भत्ता संपलेला, पण रोज नोकरी शोधणारा तुमचा शेजारी पाहणीत बेकार असतो, क्लेममध्ये कुठेच नसतो.

१२. दर वर्षी ठरावीक महिन्यांत तेच लोक पुन्हा क्लेम करतात. मग आकडे दर वर्षी उसळतात का?

कच्चे आकडे उसळतात. जानेवारीत, सणासुदीची तात्पुरती कामं संपल्यावर, मोठी उसळी. जुलैत मोटार कारखाने नव्या मॉडेलची जुळणी करायला काही आठवडे बंद ठेवतात, तेव्हा मिशिगनच्या आसपास छोटी. हे हंगामी चढउतार काढून टाकलेला आकडा बातमीत येतो. एखाद्या वर्षी कारखाने जुलैत बंद झालेच नाहीत तर हंगामी हिशेबाला अपेक्षित उसळी येत नाही आणि "क्लेम अचानक घटले" अशी बातमी होते.

२०२० मध्ये हा हिशेब वेगळ्याच कारणाने बिघडला. तोवर तो गुणाकाराने होत असे. मूळ आकडे दहा-वीस पट झाल्यावर हंगामी दुरुस्तीही तितकीच सुजली. म्हणून सप्टेंबर २०२० पासून काही काळ बेरजेची पद्धत घेतली. त्या महिन्याच्या आधीचे-नंतरचे दुरुस्त आकडे जोडताना जपून.

१३. शटडाउनमध्ये (खर्चाची मंजुरी अडकून केंद्र सरकारचं काम बंद पडतं तेव्हा) घरी बसवलेले केंद्रीय कर्मचारी यात येतात का?

त्यांची भत्त्याची योजना वेगळी, मोजणीही वेगळी. मुख्य आकड्यात ते नसतात. २०१८-१९ चं शटडाउन ३५ दिवस चाललं, तेव्हा त्या वेगळ्या रकान्यात हजारो क्लेम आले. पुढे थकलेला पगार मिळाल्यावर भत्ता परत करावा लागतो, पण क्लेमची नोंद पुसली जात नाही. सरकारी कंत्राटदारांचे कर्मचारी मात्र साध्या क्लेममध्येच असतात.

१४. खोटे क्लेम नंतर आकड्यातून काढतात का?

सापडले आणि राज्याने सुधारित आकडे पाठवले तर काढतात. मे २०२३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या बनावट अर्जांमुळे राष्ट्रीय आकडा दोन लाख ६४ हजारांवर गेला होता, मग सुधारणा आली. पहिल्या दिवशीचा आकडा 'आगाऊ' म्हणूनच छापतात. पुढच्या गुरुवारी तो बदलतो आणि तेव्हा फारसं कोणी बघत नाही. चार आठवड्यांची सरासरी बघायची सवय लावून घेतलेली बरी.

१५. क्लेम चालू असताना न्यू जर्सीतल्या एडिसनहून टेक्सासला घर हलवलं. क्लेम तुटला का?

नाही. तुमची कमाई न्यू जर्सीत झाली, पैसे तेच राज्य देतं. पत्ता बदला, आठवडे भरत राहा. मध्ये आठवडा चुकला तर मात्र प्रश्न ४.

१६. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना लेऑफ झाला आणि क्लेम केलाच नाही. आम्ही कशात येतो?

क्लेममध्ये नाही. हा व्हिसा एका मालकाला बांधलेला असल्याने 'कोणत्याही कामासाठी उपलब्ध' ही अट पुरी होत नाही असं अनेक राज्यं धरतात, आणि ६० दिवसांच्या सवलतीच्या काळात लोक नवा मालक शोधण्याच्या धावपळीत असतात. आयटीतल्या मोठ्या लेऑफनंतर "क्लेम वाढले कसे नाहीत?" असं विचारतात, त्यामागचं एक कारण हे. दुसरं कारण सेव्हरन्स, म्हणजे नोकरीवरून काढताना मालक देतो तो पैसा. काही राज्यांत तो मिळत असेपर्यंत भत्ता लांबतो, त्यामुळे क्लेम काही महिन्यांनी येतो किंवा येतच नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही उपलब्धतेची अडचण नसते.

१७. भारतात असा आकडा आहे का?

साप्ताहिक क्लेम नाहीत, कारण तसा सार्वत्रिक बेकारी भत्ताच नाही. ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विमा महामंडळाची) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ पासून आहे, पण तिच्यातून आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवसांची मदत मिळते. तिथे खंड मोजण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नाही.

खंडाचा प्रश्न आपल्याकडे पीएफच्या आकड्यांत भेटतो. ईपीएफओ २०१८ पासून दरमहा पेरोल आकडे काढते. त्यात नवे सदस्य, बाहेर पडलेले सदस्य, आणि बाहेर पडून परत आलेले सदस्य असे वेगळे रकाने असतात. तिसरा रकाना म्हणजे आपल्या ॲडिशनल क्लेमचा आरसा. नोकरी बदलताना पीएफ काढून न घेता नव्या खात्यात वळवला की माणूस त्यातच नोंदला जातो. "इतके लाख रोजगार वाढले" ही बातमी निव्वळ बेरजेवरून बनते. तीत नवे आणि परतलेले दोघेही असतात. त्यामुळे ती वाचताना आधी तिसरा रकाना उघडतो मी.